सरकार नसेल तर पैशाचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारच नसेल तर पैसा चालेल तरी का?

चालतो. असं घडून गेलेलं आहे, तेही आपल्या हयातीत. जानेवारी १९९१ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे राजधानी सोडून पळाला. सरकार कोसळलं, मध्यवर्ती बँक बंद पडली. पण त्या बँकेने छापलेल्या शिलिंगच्या नोटा बाजारात चालतच राहिल्या. त्या नोटांमागे कोणीही उभं नव्हतं, तरी बायका त्याच नोटा देऊन भाजी आणि उंटिणीचं दूध घेत होत्या. तेव्हा पैसा चालतो की नाही यावर फार वेळ घालवू नये. नवा पैसा काढायची मुभा कोणाच्या हाती जाते आणि त्या माणसाला जाब कोण विचारतो, हे बघावं. खालची बहुतेक उत्तरं शेवटी तिथेच येऊन ठेपतात.

'सरकार नसलेला समाज' म्हणजे नेमका कोणता?

दोन गोष्टींची इथे नेहमी गल्लत होते. एक, सरकार होतं आणि ते मोडून पडलं, जसं सोमालियात. दुसरी, लोकांनी विचारपूर्वक सरकार नको असं ठरवलं, जसं १९३६ मध्ये, यादवी युद्धाच्या वेळी, स्पेनच्या आरागॉन भागात अराजकवाद्यांनी केलं. पहिल्या प्रकारात लोक आहे त्या नोटेला धरून राहतात. दुसऱ्यात पैसा कसा असावा, असावा की नसावाच, यावर सभा भरतात. याशिवाय तिसराही प्रकार आहे: सरकार आहे, पण पैशाच्या कामात त्याचा हात फारसा नाही. हुंडीचा व्यवहार असा होता. तिन्हींतून शिकण्यासारखं आहे, म्हणून तिन्ही घेतले आहेत.

आपल्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. ती सही गेली तर उरतो नुसता कागद. तो कोण घेईल?

जो उद्या तोच कागद दुसऱ्याच्या हातावर ठेवू शकेल, तो घेईल. किराणावाला नोट घेतो ती सही वाचून नव्हे. घाऊक व्यापारी आपल्याकडून ती घेईल, हे त्याला माहीत असतं म्हणून.

अर्थशास्त्रात एक मत असं आहे की, सरकार कर त्याच नोटेत मागतं म्हणून नोटेला किंमत येते. या मतात तथ्य आहे. नवी नोट पहिल्यांदा लोकांच्या गळी उतरवायला कराचा जोर फार उपयोगी पडतो. पण एकदा सवय लागली की कर गेला तरी सवय टिकते. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण इराकच्या कुर्द भागातलं आहे. आखाती युद्धानंतर निर्बंधांमुळे बगदादला पूर्वीच्या परदेशी छापखान्याकडून नोटा मिळेनात, म्हणून सद्दामच्या सरकारने घरच्या घरी हलक्या प्रतीच्या नोटा छापायला घेतल्या आणि १९९३ मध्ये जुनी २५ दिनारची नोट रद्द केली. उत्तरेतल्या कुर्दांनी मात्र जुनीच नोट वापरणं चालू ठेवलं. तिला लोक 'स्विस दिनार' म्हणत. तिच्यामागे कोणतीही बँक नव्हती, पण ती नव्याने छापणंही कोणाला शक्य नव्हतं. बगदादची नोट मात्र हवी तेवढी छापली जात होती. दहा वर्षांनी, सद्दाम गेल्यावर दोन्ही नोटा बदलून दिल्या गेल्या, तेव्हा एका स्विस दिनारला दीडशे नवे दिनार मिळाले. ज्या नोटेला वाली नव्हता तिची किंमत वाली असलेल्या नोटेच्या दीडशेपट झाली होती.

मग सोमालियाचा शिलिंगही असाच वधारला का?

नाही, तो घसरला. आणि का घसरला हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

कुर्दांची नोट कोणाला छापता येत नव्हती. सोमालियात मात्र टोळीप्रमुख आणि त्यांच्याशी हातमिळवणी केलेले व्यापारी परदेशातल्या छापखान्यांतून हजार शिलिंगच्या नोटा छापून आणू लागले. जहाजातून, विमानातून नोटांच्या थप्प्या उतरत. या लोकांनी नवी नोट काढली नाही. जुन्याच नोटेची नक्कल केली. नोटेवर टोपल्या विणणाऱ्या बायकांचं तेच चित्र आणि बंद पडलेल्या त्याच बँकेचं नाव. कारण नव्या तोंडवळ्याची नोट लोक घेत नव्हते. मोगादिशूतल्या एका गटाने सुरुवातीला नवा शिलिंग काढून पाहिला होता. तो त्या गटाच्या ताब्यातल्या भागाबाहेर कोणी हातात धरला नाही.

लोकांच्या या हट्टाचा एक फायदा झाला. आकडा वाढवून दहा हजारांची, लाखाची नोट काढायची वाट बंद झाली. कोणी छापलंच तर हजाराचीच नोट छापावी लागे, आणि ती छापून आणायला काही सेंट खर्च येई. बाजारात नोटा वाढल्या तशी त्यांची किंमत उतरत गेली. २००८ च्या सुमारास एका डॉलरला तीस हजारांहून जास्त शिलिंग पडू लागले, म्हणजे हजाराची नोट साधारण तीन सेंटची झाली. तिथे ती छापण्याच्या खर्चाला येऊन टेकली. नोट छापून सुटणारा नफाच आटला, म्हणून घसरणही मंदावली.

काही लेखक हे उदाहरण 'बाजार स्वतःच स्वतःला लगाम घालतो' म्हणून कौतुकाने देतात. लगाम लागला हे खरं. पण तो लागेपर्यंत लोकांच्या गाठीच्या शिलिंगची बहुतेक किंमत गेलेली होती. पडणारा माणूस जमिनीला टेकून थांबला, याला मी सावरणं म्हणणार नाही.

म्हणजे लोक खोट्या नोटा जाणूनबुजून घेत होते?

हो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजानुसार तिथे फिरणाऱ्या स्थानिक नोटांपैकी सुमारे ९८ टक्के नोटा अशा बनावट होत्या. बनावट आणि खरी यांत फरक करायला खरी काढणारी बँकच उरली नव्हती. नोट दिसायला ठीक आहे ना, फार फाटलेली नाही ना, एवढंच बघितलं जाई. मोगादिशूच्या बकारा बाजारात पैसे बदलून देणारे नोटांच्या विटा रचून बसत, आणि मोजताना बंडलं मोजत, सुट्या नोटा नव्हेत.

या सगळ्यात नुकसान कोणाचं झालं?

गरिबाचं. सोमालियात दोन चलनं शेजारी शेजारी चालत होती. आखाती देशांत शेळ्यामेंढ्या पाठवणारे व्यापारी, घरं बांधणारे, माल आयात करणारे डॉलरमध्ये व्यवहार करत. शिलिंग उरला होता भाजीबाजारासाठी, हमालीसाठी, बसच्या भाड्यासाठी. ज्याची कमाई शिलिंगमध्ये, त्याच्या खिशातून प्रत्येक नव्या जहाजाबरोबर थोडं थोडं काढून घेतलं जात होतं. यालाही करच म्हणायला हवं. फक्त ही वसुली बंदूक बाळगणाऱ्या मूठभरांच्या घरी जात होती, आणि तिचा हिशेब मागायची सोय कुठेही नव्हती. सरकार गेलं म्हणून कर गेला असं मानणाऱ्यांनी हजाराच्या त्या नोटेकडे जरा निरखून बघावं.

पैसा लोकांनी आपोआप निवडल्याचं उदाहरण आहे का? कोणी न ठरवता?

दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या छावण्या. रेड क्रॉसच्या पार्सलमधून येणारी सिगारेट तिथे चलन झाली. जॅम, पाव, साबण सगळ्यांचे भाव सिगारेटींत बोलले जात. पार्सलं आली की भाव चढत, सिगारेटी ओढून संपत आल्या की उतरत. ती छावणी म्हणजे काही मुक्त समाज नव्हता, पण चलन कसं जन्माला येतं हे कळायला ते उदाहरण पुरतं.

दूरच्या गावी पैसा पाठवायचा तर मध्ये सरकार, कायदा, बँक लागणारच ना?

हा प्रश्न हिंदुस्थानातल्या सराफाला विचारला असता तर त्याला नवल वाटलं असतं. शेकडो वर्षं हुंडीने हे काम केलं, आणि मधल्या वाटेवर चार-चार राजवटी असताना केलं. पुण्याच्या पेढीवर पैसे भरा, हुंडी घ्या, काशीला जाऊन तिथल्या अडत्याकडून रोकड उचला. रोकड घेऊन रस्त्याने जाण्याची जोखीम नाही.

हुंडीचा कागद नीट पाहिला तर पोलिसाविना फसवणूक कशी रोखली जायची ते दिसतं. रक्कम आकड्यात, मग अक्षरात, आणि मग पुन्हा अर्धी करून लिहायची: रुपये १०००, निमे पाचशे, त्याची दुप्पट पुरे एक हजार. आकड्यात कोणी खाडाखोड केली तर निमपट जुळणार नाही. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी द्यायची, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहूकारालाच मिळत, त्यामुळे चोराच्या हाती हुंडी लागली तरी ती वटवायला त्याला कोणा प्रतिष्ठित माणसापुढे उभं राहावं लागे. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला 'पेठ' म्हणत. तीही गहाळ झाली तर 'परपेठ'. तीही पोहोचली नाही तर पंचांनी लिहून दिलेला 'मेजर'. पैसे चुकते झाल्यावर हुंडी 'खोका' होई, म्हणजे बाद झालेला कागद. या रिवाजाचा पाया इतका पक्का होता की, इंग्रजांनी १८८१ मध्ये परक्राम्य संलेखांचा, म्हणजे चेक-हुंडीसारख्या कागदांचा, कायदा केला तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांबाबतचे स्थानिक रिवाज त्यांनी कायद्याबाहेर तसेच राहू दिले.

सोमालियात हीच तऱ्हा हवाला कंपन्यांनी चालवली. परदेशी गेलेल्या मुलाने लंडनमध्ये पैसे भरले की खेड्यातल्या आईला ते मिळत. आई कोण, हे ओळखपत्रावरून ठरत नसे. वंश सांगायचा, भावकी सांगायची. यातली एक मोठी कंपनी, अल बराकात, अमेरिकेने नोव्हेंबर २००१ मध्ये दहशतवाद्यांना मदत केल्याच्या संशयावरून बंद पाडली. हजारो घरांचा महिन्याचा पैसा अडकला. तिथल्या माणसाला सरकार नव्हतं, पण दुसऱ्याचं सरकार त्याच्या चुलीपर्यंत पोहोचत होतं.

कोणी पैसे बुडवले तर वसूल कोण करणार?

सराफ्यात हुंडी न सकारणाऱ्याची, म्हणजे तिचे पैसे न देणाऱ्याची, पत जात असे, आणि पत गेलेल्याला दुसऱ्या दिवसापासून बाजारात कोणी उभं करत नसे. सोमालियात रूढीचा कायदा आहे. माणसाच्या देण्याची जबाबदारी त्याच्या भावकीवर येते, त्यामुळे भावकीच त्याचा कान धरते. दोन्ही पद्धती प्रभावी आहेत. पण दोन्हींत ज्याला जात नाही, भावकी नाही, ओळख नाही, तो बाहेर राहतो. परगावची विधवा, दुबळ्या कुळातला माणूस, नवखा व्यापारी यांना न्याय मिळेलच असं नाही. कोर्टाच्या पायऱ्या चढणं नकोसं असलं तरी तिथे निदान तुमची भावकी विचारत नाहीत. ही बाजू मला फार महत्त्वाची वाटते, आणि राज्यविहीन पैशाच्या समर्थकांनी तिला पुरेसं उत्तर दिलेलं मी पाहिलेलं नाही.

महाराष्ट्रात राजवट गेल्यावर चलन टिकल्याचं उदाहरण आहे का?

शिवराई. शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेलं हे तांब्याचं नाणं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तरी खेड्यापाड्यांच्या बाजारात शिवराई पुढे कित्येक दशकं, जवळपास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालत होती. शिवाय पेशवाईतही टांकसाळी बऱ्याचदा परवाना घेतलेल्या खासगी लोकांच्या होत्या. अंकुशी, चांदवडी असे नाना तऱ्हेचे रुपये एकाच बाजारात येत, आणि कोणत्या रुपयाला किती बट्टा लावायचा, म्हणजे किती किंमत कापायची, हे सराफ ठरवत. म्हणजे अनेक चलनं एकत्र नांदू शकतात. पण त्या नांदण्याची किंमत शेतकरी मोजत होता. सारा एका रुपयात भरायचा, धान्य विकून हाती यायचा दुसराच रुपया, आणि मधला बट्टा सराफाच्या गल्ल्यात.

बँका बंद पडल्या तर?

आयर्लंडमध्ये १ मे १९७० रोजी संपामुळे मोठ्या बँका बंद झाल्या, त्या १७ नोव्हेंबरपर्यंत. साडेसहा महिने. सरकार होतं, नोटा होत्या, पण लोकांची खाती गोठलेली. लोकांनी एकमेकांना चेक लिहून द्यायला सुरुवात केली. हे चेक कधी वटतील कोणाला ठाऊक नव्हतं, तरी ते हातोहात फिरले. जबाबदारी घेतली दुकानदारांनी आणि पबच्या मालकांनी. तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात अकरा हजारांवर पब होते. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला काम आहे का, तो उधारी फेडतो का, घरी काय चाललंय, हे पबवाल्याला बँकेच्या मॅनेजरपेक्षा नीट माहीत होतं. अर्थव्यवस्था कोसळली नाही. मला हे उदाहरण मनापासून आवडतं, कारण इथे पैसा काढणारे सामान्य लोकच होते आणि त्यांना तपासणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता. मुंबईसारख्या शहरात, जिथे एका मजल्यावरचे शेजारी एकमेकांना ओळखत नाहीत, हे जमेल का, याबद्दल मात्र मी साशंक आहे.

खासगी बँकांनी आपापल्या नोटा काढल्या तर गोंधळ होणार नाही?

स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकापासून १८४५ पर्यंत बऱ्याच बँका स्वतःच्या नोटा काढत, आणि ती व्यवस्था चांगली चालली. बँका एकमेकींच्या नोटा ठरल्या दिवशी परत करून हिशेब पुरा करत, त्यामुळे कोणी जास्त छापल्या की लगेच उघडं पडे. एअर गावची डग्लस, हेरॉन अँड कंपनी ही बँक १७६९ मध्ये निघाली आणि १७७२ मध्ये बुडाली. पण भागीदारांची जबाबदारी अमर्याद होती, त्यांनी जमिनी विकून देणी फेडली. बुडणाऱ्या बँकेच्या मालकाचं घर लिलावात जातं म्हटल्यावर तो आपोआप सांभाळून वागतो. आजच्या किती बँकांच्या संचालकांना हा नियम चालेल? अर्थात जमिनी विकायला लावणारी न्यायालयं त्या देशात होती, हेही विसरू नये.

खुद्द अराजकवाद्यांचं पैशाबद्दल काय म्हणणं आहे?

त्यांच्यात एकमत नाही. अमेरिकेतल्या जोसाया वॉरनने १८२७ मध्ये सिनसिनाटीत दुकान काढलं. मालाला खरेदीचाच भाव, आणि वर दुकानदाराचा जेवढा वेळ गेला तेवढ्या वेळाचं काम देण्याची चिठ्ठी. गिऱ्हाईक आलं की घड्याळ बघायचं, गेलं की पुन्हा बघायचं. घासाघीस करणाऱ्याला वेळेचे जास्त पैसे पडत! तीन वर्षं ते चाललं. वॉरनने ते तोट्यात गेलं म्हणून बंद केलं नाही, प्रयोग सिद्ध झाला असं मानून आटोपलं. फ्रान्समध्ये प्रूदाँने १८४९ मध्ये नाममात्र व्याजाच्या कर्जासाठी लोकबँक काढायला घेतली, पण राजकीय लेखनाबद्दल त्याला तुरुंगवास झाला आणि बँक सुरू होण्याआधीच गुंडाळली गेली. रशियन अराजकवादी क्रोपोत्किनला पैसा आणि मजुरी दोन्ही नको होतं: कोणाच्या श्रमाची किंमत किती, हे मोजताच येत नाही, म्हणून गरजेप्रमाणे वाटा. आणि आजचे बाजारवादी म्हणतात, पैसा जरूर हवा, फक्त सरकारी मक्तेदारी नको.

स्पेनमध्ये पैसा खरोखर रद्द केला होता ना? काय झालं?

आरागॉनच्या काही गावांनी १९३६ च्या उन्हाळ्यात पेसेटा, म्हणजे स्पेनचं चलन, बंद केला. कुठे सगळं सामाईक कोठारातून, कुठे गावाच्या सहीशिक्क्याची चिठ्ठी, आणि मजुरी माणसावर नाही तर कुटुंबावर: घरात खाणारी तोंडं किती, त्यावर. गावापुरतं हे बऱ्यापैकी चाललं. अडचण वेशीबाहेर आली. या गावची चिठ्ठी त्या गावात चालेना, शहरातून खत-औजारं आणायची तर पुन्हा पेसेटाच लागे. ज्या गावाकडे विकायला तेल किंवा गहू होता ते तरलं, कोरडवाहू गाव मागे पडलं. बँक ऑफ स्पेनचं सोनं सरकारच्याच हाती राहिलं, त्यामुळे पतपुरवठ्याची नाडीही सरकारकडेच. ऑगस्ट १९३७ मध्ये प्रजासत्ताक सरकारच्याच सैन्याने अराजकवाद्यांच्या हातातली आरागॉनची कौन्सिल मोडून काढली. प्रयोग पूर्ण व्हायला वेळच मिळाला नाही, म्हणून तो यशस्वी किंवा फसला असं छातीठोकपणे म्हणणारे दोघंही घाई करतात असं माझं मत आहे.

सोनं वापरलं तर?

चालेल. पण शेरभर मेथी सोन्यात कशी घेणार? सुट्यासाठी कोणाची तरी चिठ्ठी लागतेच, आणि मग चिठ्ठी काढणाऱ्याचा प्रश्न परत आला.

बिटकॉइनने हा प्रश्न सोडवला नाही का?

अर्धा सोडवला. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेल्या या चलनात दोन कोटी दहा लाखांपेक्षा जास्त नाणी निघणार नाहीत, हे नियमातच आहे. म्हणजे सोमाली टोळीप्रमुखाची वाट बंद. पण ज्याचा भाव कधी कधी एका वर्षात निम्म्याने उतरतो त्यात कोणी महिन्याचा पगार ठरवत नाही, आणि फसवणूक झाली तर रक्कम परत मिळवून देणारा पंचही तिथे नाही.

आपल्याकडे आज असं काही चालतं का?

भिशी. दरमहा ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल त्याला सगळी. ना करारपत्र, ना स्टॅम्प पेपर. सोमाली बायका हेच 'हगबद' नावाने करतात, आणि सरकार नसलेल्या वर्षांतही त्या करतच होत्या. दहा-वीस जणींत ती क्वचितच बुडते, कारण पहिली चिठ्ठी उचलून हप्ते थकवणारीला दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांना तोंड द्यावं लागतं. अनोळखी मेंबर आणि व्याजाचं आमिष आलं की तीच भिशी बुडते, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको.

सोमालियात आता काय चालतं?

मोबाइल. २०११ मध्ये होर्मूड या टेलिफोन कंपनीने फोनवरून पैसे देण्याची सेवा सुरू केली, आणि व्यवहार डॉलरमध्ये होऊ लागले. चहाच्या टपरीपासून उंटांच्या बाजारापर्यंत लोक फोनवर आकडे दाबून पैसे देतात. जागतिक बँकेच्या २०१८ मधल्या माहितीनुसार देशात महिन्याला सुमारे साडेपंधरा कोटी असे व्यवहार होत होते. नोटांच्या विटा वाहण्याचा त्रास वाचला, बनावट नोटेचा प्रश्न मिटला. दरम्यान मध्यवर्ती बँक पुन्हा उभी राहिली, आणि होर्मूडला तिच्याकडून मोबाइल पैशाचा पहिला परवाना मिळाला तो २०२१ मध्ये. मधली दहा वर्षं लाखो लोकांची शिल्लक एका खासगी कंपनीच्या हिशेबात होती, आणि त्या शिल्लकेला कायद्याचं संरक्षण नव्हतं. कंपनीने शब्द पाळला. तिने तो पाळला नसता तर आपल्या डॉलरसाठी कोणाचं दार ठोठवायचं, हे त्या दहा वर्षांत कोणीच ठरवलेलं नव्हतं.